टोपलीतला शार्क

तुमच्यापैकी किती जणांनी खराखुरा शार्क पाहिला आहे? टीव्हीवरचा किंवा सिनेमातला नाही हं, अगदी हात लावून बघता येईल असा! पुण्या-नाशकाकडच्या मुलांनी हात खाली ठेवले तर मी समजू शकते. पण अलिबाग, मुरूड, रत्नागिरी, मालवणकडच्या मित्रांनो, तुम्ही का गप्प? तुमच्यातल्या कितीतरी जणांनी शार्क पाहिला आहे. पाहिलाच काय, भाताबरोबर चवीनं खाल्लासुद्धा आहे!

विश्वास बसत नाही ना? मग आजीला विचारा, "आजी, आपल्याकडे मुशी येते का गं?" मालवणात किंवा गोव्यात राहत असाल तर मोरी म्हणून विचारा. मोरीचं मटण म्हटल्यावर तिकडच्या माणसांच्या तोंडाला लगेच पाणी सुटतं. ही मुशी किंवा मोरी म्हणजे शार्कच. आपल्याकडे लहान शार्कच्या बऱ्याच जातींना सरसकट मुशी म्हणतात. त्यातली मुंबई-रायगडच्या बाजारात नेहमी दिसणारी, टोपलीत बोंबील-कोळंबीच्या शेजारी निमूट पडलेली जी मुशी, तिची ही गोष्ट आहे. शास्त्रज्ञ तिला स्कोलिओडॉन लॅटिकॉडस म्हणतात. स्कोलिओडॉन म्हणजे तिरक्या दातांची. नाव भारदस्त, पण बाईसाहेब मात्र पूर्ण वाढल्या तरी जेमतेम दोन फुटांच्या!

अंगानं ती सडपातळ असते. पाठ करडी, किंचित तांबूस झाक असलेली आणि पोट पांढरं. सगळ्यात मजेदार तिचं नाक. वरून पाहिलं तर ते लांबट आणि चपटं, थेट फावड्यासारखं दिसतं. इंग्रजीत तिला 'स्पेडनोज शार्क' म्हणतात ते त्यामुळेच. दात बारीक आणि बाजूला कललेले. माणसाला चावणं वगैरे तिच्या गावीही नाही. छोटे मासे, कोळंबी आणि माकुलासारखे प्राणी हे तिचं जेवण. राहते किनाऱ्याजवळच्या उथळ, गढूळ पाण्यात, चिखलाच्या तळावर, आणि कधीकधी खाडीच्या तोंडातूनही आत शिरते. म्हणजे आपण चौपाटीवर भेळ खात बसतो ना, तिथून शार्क काही फार लांब नसतात!

माझं लहानपण अलिबागजवळच्या एका गावात गेलं. प्राणिशास्त्राचे माझे पहिले धडे झाले ते आजीच्या चुलीपाशी. मुशी आणली की आजी आधी पाण्याचं आधण ठेवायची. उकळतं पाणी मुशीवर ओतायचं आणि मग सुरीनं तिची कात खरवडायची. मला त्या कातीवरून हात फिरवायला फार आवडे. डोक्याकडून शेपटीकडे हात नेला तर गुळगुळीत लागे. उलटा नेला की सुतारकाकांच्या पॉलिश पेपरसारखी खरखर! असं का, ते पुढे कॉलेजात कळलं. मुशीच्या अंगावर बांगड्या-सुरमईसारखे खवले नसतात. तिच्या कातडीतून अगदी बारीक बारीक दातच उगवलेले असतात. हो, दातच! तुमच्या-माझ्या दातासारखंच आत मऊ गर, त्यावर दंतिन आणि वर चकचकीत टणक थर. सगळ्यांची टोकं शेपटीकडे वळलेली. म्हणून पाणी त्यांच्यावरून अलगद सरकतं आणि उलटा फिरवलेला हात मात्र अडतो.

आमच्या घरी लहान मुलांना मुशी बिनघोर वाढत. कारण तिला काटे नसतात. सगळ्याच शार्कचा सांगाडा हाडांचा नसून कूर्चेचा असतो. आपलं नाक नि कानाची पाळी चिमटीत धरून वाकवून बघा, तीच ही कूर्चा. हलकी आणि लवचीक. हलकं असणं शार्कला फार गरजेचं आहे, कारण इतर बऱ्याच माशांच्या पोटात हवेची पिशवी असते, तशी शार्कच्या पोटात नसते. त्याऐवजी तेलानं भरलेलं मोठं यकृत असतं. तेल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे तरंगायला मदत होते.

आणखी एक गोष्ट आजीला पक्की ठाऊक होती. मुशी शिळी झाली की तिला विचित्र, डोळ्यांत पाणी आणणारा वास येतो. "मुशी दुपारची संध्याकाळवर टाकू नये," असा तिचा नियमच होता. त्याचं कारण असं, की समुद्राचं पाणी खारट, म्हणून ते प्राण्याच्या शरीरातलं पाणी ओढून घेऊ बघतं. त्यावर शार्कनं युक्ती काढली. आपण जो युरिया लघवीवाटे बाहेर टाकतो, तो शार्क रक्तात साठवून ठेवतात. रक्त समुद्राइतकंच दाट झालं की पाणी बाहेर ओढलं जाण्याचा प्रश्नच मिटला. पण मासा मेल्यावर जिवाणू त्या युरियाचा अमोनिया करतात आणि वास सुटतो. आजीला युरिया माहीत नव्हता, पण नियम बरोबर होता!

पुढे मी मुंबईला कॉलेजात गेले, प्राणिशास्त्र घेतलं, आणि प्रयोगशाळेत समोर कोण यावं? मुशीच! तेव्हा विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना मुशीचं विच्छेदन करावं लागे. भारतातल्या विद्यार्थ्यांच्या कितीतरी पिढ्या शरीररचना मुशीवरूनच शिकल्या. १९२८ साली लखनौच्या ई. एम. थिल्लयमपलम यांनी तर मुशीवर एक अख्खं पुस्तक लिहिलं. गंमत बघा, समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या लखनौत बसून मुशीचा एकेक स्नायू आणि एकेक मज्जातंतू कागदावर उतरवला गेला! आता महाविद्यालयांतून अशी चिरफाड जवळजवळ बंद झाली आहे, आणि ते चांगलंच झालं.

आम्ही मुशीच्या डोक्यातल्या मज्जातंतूंचा माग काढायचो. चिमटा आणि सुई घेऊन तासन् तास. त्या फावड्यासारख्या नाकावर टाचणीच्या टोकाएवढी असंख्य भोकं दिसत. दाबलं की त्यातून चिकट, जेलीसारखा पदार्थ बाहेर येई. ही भोकं म्हणजे शार्कचं सहावं इंद्रिय. स्टेफानो लोरेन्झिनी नावाच्या इटालियन डॉक्टरानं १६७८ साली त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना लोरेन्झिनीच्या कुप्या म्हणतात. प्रत्येक सजीवाचे स्नायू हलले की अगदी क्षीण वीज तयार होते. चिखलात दडी मारून बसलेल्या कोळंबीचीसुद्धा. शार्कला ती वीज या कुप्यांतून कळते. आपल्या खाड्यांचं पाणी किती गढूळ असतं ते तुम्हाला माहीत आहे. तिथे डोळ्यांचा काय उपयोग? म्हणून नाकानं वीज हुंगायची!

पण मला अगदी चकित करून सोडणारी गोष्ट वेगळीच होती. एका प्रात्यक्षिकाला आमच्या शेजारच्या टेबलावरची मुशी गाभण निघाली. आमच्या बाईंनी सगळ्यांना जवळ बोलावलं. मी अंडी बघायला मिळतील म्हणून मान पुढे केली. आत अंडी नव्हतीच. आत होती पिल्लं. बोटाएवढी, बंद डोळ्यांची, आणि प्रत्येकाच्या पोटातून निघालेली एक नाळ आईच्या गर्भाशयाला जोडलेली. नाळ! माझ्या धाकट्या भावाच्या जन्मानंतर सुईण आजीला सांगत होती ती नाळ, ती एका माशाच्या पोटात! टेबलाभोवती क्षणभर कुणीच काही बोललं नाही.

आता हे नीट समजून घ्यायला हवं. कोंबडीच्या अंड्यातला पिवळा बलक तुम्ही पाहिला आहे ना? तो म्हणजे आईनं पिल्लाला भरून दिलेला डबा. पिल्लू बाहेर पडेपर्यंत त्या डब्यावर जगतं. शार्कच्या घराण्यात या बाबतीत नाना तऱ्हा आहेत. बांबू शार्क चामड्यासारख्या पिशवीत अंडं घालून मोकळा होतो. व्हेल शार्क म्हणजे जगातला सर्वांत मोठा मासा. तो अंडी पोटातच ठेवतो, पिल्लं बलकावर वाढतात आणि मग बाहेर येतात. १९९५ साली तैवानजवळ पकडलेल्या एका मादीच्या पोटात सुमारे तीनशे पिल्लं मिळाली होती. सँड टायगर नावाच्या शार्कचा प्रकार तर भयंकरच! त्याच्या पोटातलं सर्वांत जोमदार पिल्लू आपल्या भावंडांनाच खाऊन टाकतं आणि मोठं होतं.

आणि आपली मुशी? तिच्या अंड्याचा डबा जवळजवळ रिकामाच असतो. अंडं जेमतेम एक मिलिमीटरचं, खसखशीच्या दाण्याएवढं. शार्कमधलं सर्वांत लहान अंडं म्हणून त्याची ख्याती आहे. एवढ्याशा अंड्यात पिल्लाला पुरेल असं काय असणार? मग आईच पिल्लाला हात देते. गर्भ तीन मिलिमीटरचा, म्हणजे तांदळाच्या कणीएवढा झाला की तो गर्भाशयाच्या भिंतीला चिकटतो. भिंतीवर त्याच्यासाठी पेल्यासारखी जागा तयार होते. तिथे वार तयार होते आणि नाळ जोडली जाते. नाळेवरही बारीक झालरीसारखे तंतू फुटतात आणि गर्भाशयातला पौष्टिक रस शोषून घेतात. अशी पाच-सहा महिने पिल्लं वाढतात. जन्मतात तेव्हा ती १२ ते १५ सेंटिमीटर लांब असतात. खसखशीच्या दाण्यापासून निघून तुमच्या कंपासपेटीतल्या पट्टीएवढी! पिल्लाला नाळेवाटे पोसणारे शार्क आणखीही आहेत. पण आईवर इतक्या लवकर आणि इतकं पूर्ण अवलंबून असणारी पिल्लं मुशीचीच. माशांमध्ये यापुढची पायरी कुणी गाठलेली नाही, असं शास्त्रज्ञ मानतात.

शार्कला नाळ असते हे माणसाला पहिल्यांदा कधी कळलं असेल? सुमारे दोन हजार तीनशे वर्षांपूर्वी! ग्रीसच्या ॲरिस्टॉटलनं भूमध्य समुद्रातल्या एका गुळगुळीत शार्कबद्दल लिहून ठेवलं होतं, की याची पिल्लं चार पायांच्या प्राण्यांसारखी नाळेनं आईला जोडलेली असतात. पुढे शेकडो वर्षं फारसं कुणी ते मनावर घेतलं नाही. माशाला कुठे नाळ असते, असंच लोकांना वाटलं असणार. अखेर १८४२ साली योहानेस म्युलर या जर्मन शास्त्रज्ञानं तसले शार्क तपासून दाखवून दिलं, की ॲरिस्टॉटल बरोबर होता. हे म्युलर आपल्याला परके नाहीत बरं का. १८३८ साली आपल्या मुशीचं शास्त्रीय बारसं केलं ते याच म्युलरनं, याकोब हेन्ले यांच्या जोडीनं. अकरावी-बारावीत मूत्रपिंड शिकताना 'हेन्लेचा वेढा' तुम्हाला भेटेल, ते हेन्लेही हेच!

आता आपण कॉलेजातून पुन्हा बाजारात येऊ, कारण खरा प्रश्न तिथे आहे.

मध्यंतरी मी माझ्या बारा वर्षांच्या भाच्याला घेऊन अलिबागच्या किनाऱ्यावर गेले होते. होड्या नुकत्याच लागल्या होत्या. एका कोळीण मावशींच्या टोपलीत जवळा होता, बोंबील होते आणि कोपऱ्यात पाच-सहा इंचांच्या इवल्याशा मुशा. भाच्यानं एक उचलून उताणी केली. पुढच्या दोन परांच्या मधोमध, पांढऱ्या पोटावर, एक बारीकशी खाच होती.

"आत्या, हिला लागलंय का गं?" त्यानं विचारलं.

"लागलं नाही रे. ती तिची बेंबी आहे."

नाळ जिथे जोडलेली असते तिथे जन्मानंतर काही काळ खूण उरते. ती खूण उघडी, ताजी दिसली तर पिल्लू नुकतंच जन्मलेलं असतं. पिल्लू वाढतं तशी ती भरून येते आणि दिसेनाशी होते. शार्कचा अभ्यास करणारी माणसं बाजारात हीच खूण बघून पिल्लाचं वय ताडतात. भाचा बराच वेळ त्या बेंबीकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "म्हणजे हे बाळ आहे?"

मावशींनी ते ऐकलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बाय, जाल्यात काय यावं ते आमी दर्याला थोरीच सांगतो? जवल्याला गेलेलं जालं, त्यात ही पन येतात. वर येतात तवा मेलेलीच असतात. परत टाकून काय करू? आनि घरी माजी पन पोरं हायेत."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. आपल्याकडे डोल जाळं लावतात. भरती-ओहोटीच्या ओढीत रोवून ठेवलेली ही एक लांबच लांब पिशवी असते आणि तिच्या टोकाचा आस अगदी बारीक. जवळा धरायचा तर आस बारीकच हवा. मग त्या बारीक आसातून मुशीचं पिल्लू कसं सुटणार? तळ खरवडत जाणाऱ्या ट्रॉलरच्या जाळ्यांचंही तसंच. आणि मुशीची अडचण अशी, की खोल समुद्रात पळून जाणारा हा मासा नाही. तिचं बाळपण, तिचं बाळंतपण आणि तिचं उरलेलं आयुष्य, सगळं आपल्या जाळ्यांच्या टप्प्यातच जातं.

आता थोडा हिशेब करू. सुरमईसारखा मासा एका हंगामात लाखांनी अंडी सोडतो. त्यातली बहुतेक वाया जातात, पण थोडी जगली तरी भागतं. मुशीचा हिशेब माणसासारखा. पाच-सहा महिने पोटात वागवायचं आणि एका वेळी साधारण ६ ते १८ पिल्लं. मोठ्या आईला जास्त, लहान आईला कमी. यात एक जमेची बाजू आहे. काही मोठ्या शार्कना वयात यायला वीस-पंचवीस वर्षं लागतात. मुशी मात्र दीड-दोन वर्षांत आई होते, आणि तिचं आयुष्य असतं सहा-सात वर्षांचं. म्हणूनच इतकी जाळी पडूनही ती अजून बाजारात दिसते. पण मोठी मुशी पकडली तर तिच्या पोटात पिल्लं असतात आणि लहान पकडली तर ती स्वतःच पिल्लू. दोन्हीकडून गळती लागली तर ही बाजू तरी किती दिवस पुरणार? धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक लाल यादीत मुशीपुढे 'संकटाच्या जवळ' असा शेरा आहे. म्हणजे आज संकटात नाही, पण दार वाजायला लागलं आहे. जगातल्या शार्क आणि पाकटांच्या सगळ्या जाती मिळून पाहिल्या, तर एक तृतीयांशाहून अधिक जाती संकटात सापडल्या आहेत. व्हेल शार्कला २००१ सालापासून आपल्याकडे वाघाच्या बरोबरीनं कायद्याचं संरक्षण मिळालं. मुशीचं पोस्टर मात्र कुणी लावत नाही. ती पडली लहान, नेहमीची आणि स्वस्त.

मग काय करायचं? मुशी खायची नाही? मी तसं म्हणणार नाही. ज्या गावांनी शेकडो वर्षं समुद्र सांभाळला, त्यांच्या ताटातला घास काढून घेणारे आपण कोण? बाळंतिणीला मुशीचं कालवण दिलं तर तिला दूध चांगलं येतं, असं आमच्याकडे म्हणत आणि आवर्जून करून घालत. पण आजीच्या काळी वल्हवायच्या आणि शिडाच्या होड्या होत्या. ती बाजारातून आणायची ती हातभर लांबीची मुशी. बेंबीवाली पिल्लं टोपलीत दिसली तर कोळणींनाच ती म्हणायची, "अगं, ही राहू द्यायची होतीत गं, मोठी झाली असती." आज जाळ्यांची संख्या, इंजिनांची ताकद, सगळंच वाढलं आहे. तेव्हा जाळ्याचा आस केवढा असावा, पिल्लं वाढण्याच्या काळात खाडीच्या तोंडाशी जाळी किती असावीत, हे कोळी बांधवांनी आणि शास्त्रज्ञांनी एकत्र बसून ठरवायला हवं. आणि वीतभर पिल्लाला गिऱ्हाईकच मिळालं नाही, तर ते धरण्यात कुणाला रस उरेल? हे शेवटचं काम मात्र आपल्या घरातून होण्यासारखं आहे.

त्या दिवशी आम्ही मावशींकडून बोंबील घेतले. भाचा घरी येईपर्यंत बोलला नाही. जेवताना मात्र त्यानं सगळ्यांना एकच गोष्ट चार वेळा सांगितली, "तुम्हाला माहितीये? मुशीला बेंबी असते!"

तर मित्रांनो, पुढच्या वेळी आई-बाबांबरोबर मासळीबाजारात गेलात की एवढं करा. टोपलीत लहान मुशी दिसली तर मावशींना विचारून ती हळूच उताणी करा आणि पुढच्या परांच्या मध्ये बघा. बेंबी दिसते का? उघडी आहे की भरून आलेली? पट्टी असेल तर लांबीही मोजा आणि तारखेसकट वहीत लिहून ठेवा. वर्षभर असं केलंत तर तुमच्या बंदरावर मुशीची पिल्लं कोणत्या महिन्यात जास्त येतात ते तुमचं तुम्हालाच कळेल. आणि मग काय दिसलं ते मला पत्रानं जरूर कळवा. मी वाट बघते आहे.